कान टोचणारे सोनार

परवा घरात गुणगुण सुरू झाली. गुणगुणणारं माणूस घरात कोणी नव्हतं. ॲम्प्लिफायर चालू, गाणं बंद आणि डाव्या स्पीकरमधून भुंगा. मागची वायर जरा हलवली की भुंगा गप्प. हात काढला की पुन्हा हजर. सीडी प्लेअरपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी हातभर वायर, तिच्या एका पिनेचा डाख आतून सुटला होता.

हा आजार शे-दोनशे रुपयांत बरा होतो. पण त्याच संध्याकाळी सुवर्णकर्णाचा फोन आला.

सुवर्णकर्ण हे अर्थात टोपणनाव. हा माझा कॉलेजपासूनचा मित्र. वय अठ्ठावन्न. तारेतलं तांबं किती शुद्ध आहे हे तो ऐकून सांगतो. दारावरची बेल मात्र त्याला तिसऱ्यांदा ऐकू येते. माझं दुखणं ऐकून म्हणाला, ‘‘वायर घरीच बनव, उत्तम. पण पिना हलक्या घेऊ नकोस. हजाराच्या खालची पिन म्हणजे गवयाच्या तोंडात बोळा.’’

वायरी दोन, टोकं चार, पिना चार. म्हणजे चार हजार. ज्या सीडी प्लेअरसाठी हे चाललं होतं तो मी जुन्या बाजारातून साडेतीन हजारांना उचललेला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्याने केली, त्याच्याकडे बहुतेक स्टिरिओ होता.

*

‘हायफाय’ हा शब्दच आपण कसा वाकवला आहे बघा. मूळ शब्द हाय फिडेलिटी. फिडेलिटी म्हणजे इमान. मूळ आवाजाशी इमान राखणारं यंत्र ते हाय-फाय. मराठीत ‘हायफाय’ म्हणजे चकचकीत, महागडं आणि आपल्याला न परवडणारं. ‘त्यांचं काय बाई, सगळं हायफाय.’ शब्दकोश काहीही सांगो, बाजाराने आपला मराठी अर्थच उचलून धरला आहे.

ज्या पिनेवरून हे रामायण, तिचं नाव आरसीए. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीची आद्याक्षरं. गेल्या शतकाच्या तिशी-चाळिशीत कंपनीला एक किरकोळ गरज पडली. लाकडी कपाटाएवढ्या रेडिओग्राममध्ये खाली तबकडीचं यंत्र आणि वर रेडिओ. दोघांना जोडायला पेटीच्या आत काहीतरी साधं हवं होतं. एकदा लावलं की कोणी हात लावणार नाही असं. म्हणून ही पिन. फोनोग्राफसाठी म्हणून ‘फोनो’ हे तिचं दुसरं नाव. कंपनीला १९८६ साली जनरल इलेक्ट्रिकने गिळलं. पिन मात्र जगभर उरली.

घाईत केलेल्या या पिनेत एक खोट राहिली ती राहिलीच. पिन खोचताना मधला काटा आधी टेकतो आणि बाहेरचं कडं नंतर. काट्यातून गाणं येतं, कडं ते जमिनीशी बांधतं. मधल्या निमिषात गाण्याला जमीन नसते, आणि ॲम्प्लिफायर चालू असेल तर स्पीकरमधून जो भसाडा आवाज येतो त्याने शेजारी बेल न वाजवता घरात येतो. तेव्हा पहिला धडा फुकटचा: पिन काढताना-घालताना ॲम्प्लिफायर बंद करावा. हजाराच्या पिनेलाही हाच नियम. कित्येक दशकांची ही खोट लिख्टेनस्टाइनच्या न्यूट्रिक कंपनीने एका मॉडेलमध्ये काढली. बाहेरचं कडं स्प्रिंगवर बसवलं, ते आधी टेकतं. देश मुंबईच्या जेमतेम पावपट, पण डोकं ठिकाणावर. ही पिन महाग आहे, पण ज्या पैशाला काही काम मिळतं तो पैसा महाग म्हणवत नाही.

*

शनिवारी लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलं आहे. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ अशी चार वर्षं मुंबईचा गव्हर्नर होता. शंभर वर्षं उलटून गेली, साहेब टॅक्सीवाल्याच्या तोंडातून अजून उतरायला तयार नाही.

इथली भाषा यावी लागते. हेडफोनच्या बारक्या पिनेला इथे ‘ईपी’ म्हणतात. तिची जाडजूड आत्या, सव्वासहा मिलिमीटरच्या वरची, माइक आणि गिटारवाली, ती ‘पी-३८’. दुकानात ‘फोनो प्लग’ मागितलात तर परदेशातून आलेला भाचा म्हणून तुमच्याकडे बघतील आणि दरही तसाच लावतील. ‘आरसीए मेल’ म्हणा.

‘‘आरसीए मेल, चार.’’

‘‘प्लास्टिक, मेटल की गोल्ड?’’ शेठने वर न बघता विचारलं.

जगातला निम्मा हाय-फाय व्यवहार या तीन शब्दांत आटोपतो.

‘‘गोल्ड चांगलं का?’’

‘‘साहेब, गोल्ड गोल्डच असतंय.’’

याला म्हणतात विक्रेता. खोटं एक अक्षर बोलला नाही.

सोनं विजेला सगळ्यात छान वाट देतं, हा समज लग्नसराईतून आला असावा. विजेच्या वर्गात पहिला नंबर चांदीचा, दुसरा तांब्याचा, सोनं तिसरं. तांब्याला १०० गुण दिले तर सोन्याला साधारण ७०. ज्या पितळेची ही पिन घडवतात त्या पितळेला २५-३० आणि निकेलही त्याच बाकावर. सोन्याची खरी लायकी दुसरी आहे. ते गंजत नाही, काळं पडत नाही. ज्या शहरात जुलैमध्ये पापड चार दिवसांत मऊ पडतो आणि चांदीचं निरांजन काळवंडतं, तिथे ही लायकी लहान नाही. कोकणात, गोव्यात, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात तर अजिबातच नाही. तेव्हा मुलामा असावा. प्रश्न किती, हा आहे.

कारखान्याच्या यंत्रांतल्या भरवशाच्या कनेक्टरवर सोन्याचा थर साधारण पाऊण मायक्रॉनचा असतो. मिलिमीटरचे हजार भाग करा आणि त्यातला पाऊण घ्या. स्वस्त पिनेवर असतो तो त्याच्या दहाव्या हिश्शाच्या घरातला. धंद्यात त्याला ‘फ्लॅश’ म्हणतात. नावातच कबुली आहे: चमकून जातो. आपल्याकडे याला बेन्टेक्स म्हणतात आणि लग्नात घातलं तरी कोणी ‘चोवीस कॅरेट’ म्हणून मिरवत नाही. पिनेच्या पाकिटावर मात्र बिनदिक्कत २४ के छापलेलं असतं.

त्यातही गंमत अशी की, समोरचं सॉकेट कथिलाच्या मुलाम्याचं असेल तर सोन्याची पिन त्यात वर्षानुवर्षं खोचून ठेवू नये, असं कनेक्टर बनवणारेच सांगतात. दोन्ही धातू बारीक बारीक घासत राहतात आणि कथिलावर ऑक्साइडचा पापुद्रा साचतो. पत्रिका न बघता सोनं घालून पाठवलं की असं होतं.

*

आता थोडी बेरीज-वजाबाकी. सुवर्णकर्णाला हा भाग आवडत नाही.

पिन आणि सॉकेट जिथे टेकतात तिथला अडथळा ओहमच्या काही हजारांश भागांत मोजतात. गलथान पिन धरू, १० हजारांश. समोर ॲम्प्लिफायर स्वतःच्या दारात १० हजार ओहम किंवा त्याहून जास्त अडथळा घेऊन उभा असतो. म्हणजे पिनेचा वाटा दहा लाखांत एक. त्याने आवाजात पडणारा फरक एका डेसिबलच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी भरतो. इकडे साधा एक डेसिबलचा फरक कळायला माणसाला कान देऊन ऐकावं लागतं.

आणि ती शुद्ध तांब्याची तार त्या सोन्याच्या पिनेला चिकटवतो कोण? डाख. कथील आणि शिसं. याला तांब्याच्या तुलनेत गुण ११-१२. दोन खानदानी घराण्यांची सोयरीक, आणि मध्यस्थ हा नापास. पण त्याच्यावाचून लग्न लागत नाही. शिवाय ॲम्प्लिफायरच्या आत गाणं ज्या तांब्याच्या पट्ट्यांवरून धावतं त्यांची जाडी सहसा ३५ मायक्रॉन, आणि मागे बसवलेलं सॉकेट कंपनीने घाऊक बाजारातून जे स्वस्त मिळालं ते आणलेलं. सोन्याच्या उंबरठ्यावरून आत गेलं की पुढे चाळच आहे.

हे सगळं मी सुवर्णकर्णाला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, ‘‘मोजता येत नाही तेच तर ऐकू येतं.’’

या वाक्याला उत्तर नाही. अमेरिकेतल्या जेम्स रँडी या जादूगाराने एकदा प्रयत्न केला होता. २००७ साली एका कंपनीची बारा फुटी स्पीकर वायरींची जोडी सव्वासात हजार डॉलरना विकली जात होती. रँडीने जाहीर केलं: ही आणि बाजारातली नेहमीची वायर डोळे झाकून वेगळी ओळखून दाखवा, दहा लाख डॉलर घेऊन जा. एक नामांकित समीक्षक पुढेही आले. मग वायरवाल्या कंपनीनेच वायर देण्यातून अंग काढून घेतलं. दहा लाख डॉलर जिथल्या तिथे राहिले. सव्वासात हजारवाली वायर मात्र विकली गेली असेल.

*

नावांचा एक वेगळाच बाजार आहे. स्पीकरच्या वायरीला लावायची केळ्याची पिन, म्हणजे बनाना प्लग, घ्यायला गेलात तर समोर येईल ‘नाकामिची’. नाकामिची ही जपानची खानदानी कंपनी. १९८२ साली आलेल्या तिच्या ‘ड्रॅगन’ कॅसेट डेकवर अजून लोक जीव टाकतात. कंपनीचं दिवाळं कधीच निघालं. नाव मात्र सोनेरी केळ्यांवर किलोच्या भावाने मिळतं. शेठला विचारलं, ‘‘ओरिजिनल?’’ तो म्हणाला, ‘‘ओरिजिनल पाहिजे तर ह्याच्यातच दुसरी क्वालिटी आहे.’’ मूळ वस्तूच्याही दोन प्रती असतात, ही अद्वैताच्या पलीकडची पायरी.

तरी गंमत म्हणजे ही केळी वाईट नसतात. स्क्रू घट्ट बसला आणि पाती कडक असली तर काम चोख. स्पीकरच्या वायरीतून जास्त वीज वाहते, तिथे पकड महत्त्वाची, नाव नव्हे. एक मात्र सांगतो, इथे थट्टा नाही. बनाना प्लगचा काटा चार मिलिमीटरचा, आणि आपल्या भिंतीवरच्या दोन पिनांच्या सॉकेटात तो सुखेनैव शिरतो. घरात लहान मूल असेल तर सुटी केळी लटकत ठेवू नका. १९२४ च्या सुमारास जर्मनीत रिचर्ड हिर्शमानने हा प्लग आणला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर तुमचा नातू नव्हता.

*

मग स्वस्त आणि बरी पिन ओळखायची कशी? मी दोन तास पाच दुकानं हिंडलो. कान एकदाही लागला नाही. लागलं ते असं.

चुंबक. फ्रिजवर लावतात तो चालेल. पिनेला टेकवा. कडकडून चिकटला तर सोन्याखाली लोखंड आहे. मुलामा उडाला की पहिल्या पावसात गंज. पितळेला चुंबक चिकटत नाही. वर निकेलचा पातळ थर असेल तर किंचित ओढ जाणवेल, तेवढी माफ. मी खिशातून चुंबक काढला तेव्हा दोन दुकानदारांनी पाकीट परत ड्रॉवरमध्ये टाकलं आणि एकाने आतून दुसरं आणलं. या चुंबकाची किंमत दहा रुपये. सबंध हाय-फाय विश्वात इतका फरक दुसऱ्या कुठल्याच दहा रुपयांनी पडत नाही.

भोक. पिनेच्या मागून वायर जिथे शिरते ते. इथे भलेभले फसतात. घरी आणून ठेवलेली वायर सात मिलिमीटर जाडीची आणि पिनेचं भोक सहाचं. मग ब्लेडने वायर सोलत बसायचं. बेल्डनची १६९४ए ही नावाजलेली वायर सात मिलिमीटरची आहे, मोगामी-कॅनारेच्या अनेक वायरी सहाच्या. आधी वायर, मग पिन. चप्पल घ्यायला जाताना पाय बरोबर नेतात.

पोटातलं प्लास्टिक. पिनेचं झाकण फिरवून काढा. मधला काटा ज्या पांढऱ्या किंवा काळ्या चकतीत बसवलेला असतो ती चकती म्हणजे पिनेचं चारित्र्य. स्वस्तात स्वस्त पिनेत ती अशी असते की, डाख द्यायला गन टेकवली की मेणासारखी वितळते आणि काटा तिरका होतो. वरून सोनं, आतून मेणबत्ती. टेफ्लॉनची असेल तर सव्वातीनशे अंशांपर्यंत ती वितळत नाही. दुकानात गन लावून बघता येत नाही, पण काटा बोटाने हलवून बघता येतो. दुकानातच डुगडुगत असेल तर घरी काय दिवे लावणार.

पकड. दुकानदाराकडे एक सॉकेट असतंच. खोचून बघा. सैल नको, पण इतकी घट्टही नको की काढताना ॲम्प्लिफायरचं सॉकेटच हातात यावं. महाग पिनांना हा रोग फार. जाडजूड कडं, वर आवळायची कळ. सॉकेट बिचारं आठ रुपयांचं, पहिलवानाने हात मिळवल्यासारखं पिचून जातं.

वायरची गळपट्टी. वायर ओढली गेली तर ताण डाखावर येता कामा नये. आत धरणारी पट्टी किंवा मागे आवळणारी चिमटी हवी. नव्वद टक्के पिना ऐकून-ऐकून नव्हे, ओढून-ओढून मरतात. हा आकडा माझा नाही, झाडू मारणाऱ्या बाईंचा आहे.

या पाच कसोट्यांवर कोण टिकतं? न्यूट्रिकचीच स्वस्त बहीण रीन. तिची एनवायएस ३७३. सोन्याचा माफक मुलामा, ओळखायला रंगीत कडी, सहा मिलिमीटरपर्यंतच्या वायरीची सोय. जगभरचे घरी वायर बनवणारे लोक वर्षानुवर्षं हीच वापरतात, आणि याबद्दल कोणी गोष्टी सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडत नाही. ॲम्फेनॉलच्या पिनाही त्याच पंगतीतल्या. अमेरिकेची स्विचक्राफ्ट जुनीजाणती, दिसायला म्युनिसिपालिटीचा नळ, पण तशीच दणकट. फक्त नावाजलेल्या पिनांच्या नकला बाजारात भरपूर आहेत, म्हणून नाव वाचून झाल्यावरही चुंबक काढावाच.

चार पिना घेतल्या. हजारात चारही बसल्या, वर वडापावचे पैसे उरले.

*

आमच्या तळमजल्यावर नाना राहतात. टेलिफोन खात्यात ट्रंक एक्स्चेंजच्या बोर्डांची देखभाल करण्यात त्यांची उभी हयात गेली. मी गन तापवतो आहे हे वासावरून कळून ते वर आले. राळेच्या धुराचा वास त्यांना मोगऱ्यासारखा वाटतो.

टेबलावरची पिन उचलून म्हणाले, ‘‘केवढ्याला?’’

सांगितलं.

‘‘आणि सोन्याची का?’’

‘‘गंजू नये म्हणून, नाना.’’

‘‘आमच्या बोर्डावर पितळेची होती. रोज शेकडो वेळा आत-बाहेर. गंजायला फुरसत कुठे होती?’’

खरंच आहे. आज गिटारवाले जी पी-३८ वापरतात ती या टेलिफोन बोर्डाचीच लेक. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ऑपरेटरणींच्या हातांसाठी घडवलेली. तिच्यातून सबंध गावांची लग्नं ठरली, बाळंतपणं कळली, माणसं गेल्याचे निरोप आले. ‘आवाजाचा मंच उघडत नाही’ अशी तक्रार कोणी नोंदवल्याचं नानांना आठवत नाही. ‘ऐकू येत नाही’ अशा मात्र रोज यायच्या.

‘‘कल्हई केलीस का आधी?’’ नानांनी विचारलं.

मी बघतच राहिलो. तारेच्या टोकाला आणि पिनेच्या खाचेला आधी डाखाचा पातळ हात द्यायचा, मग दोन्ही जोडायचे. इंग्रजीत याला टिनिंग म्हणतात. नाना कल्हई म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकायचा, मग कथील फिरवायचा. नवसागर धातूवरची मळी काढतो. डाखाच्या तारेच्या पोटात राळ भरलेली असते, तिचं कामही तेच. कल्हईवाले गल्लीतून गेले आणि त्यांची विद्या लॅमिंग्टन रोडवर दोनशे रुपयांच्या रिळात भरून विकायला आली.

नानांची शिकवणी पुढे चालू राहिली. डाख घ्यायचा तर ६३-३७. म्हणजे ६३ भाग कथील, ३७ शिसं. तो १८३ अंशांवर एकदम वितळतो आणि एकदम गोठतो, मधली लापशीची अवस्था नाही, त्यामुळे हात हलला तरी सांधा सहसा ‘ड्राय’ होत नाही. २५ वॅटची साधी गन पुरे. पिन मोकळी धरून डाख देऊ नये; जुन्या सॉकेटात खोचून द्यावा. काटा सरळ राहतो, जास्तीची उष्णता सॉकेट पिऊन टाकतं आणि आतलं प्लास्टिक वाचतं. गन तीन-चार सेकंद, जास्त नाही. काम झाल्यावर मीटर लावून बीप ऐकायचा: काटा ते काटा बीप, कडं ते कडं बीप, काटा ते कडं शुकशुकाट. मग साबणाने हात धुवायचे, कारण शिसं पोटात जायला नको.

‘‘पिन काय,’’ नाना म्हणाले, ‘‘कुठलीही बिघडते ती डाख देणाऱ्याच्या हातात.’’

हे वाक्य कुठल्याच पिनेच्या पाकिटावर छापलेलं नाही.

*

वायरीवर बाण असावा की नसावा, यावर दोन पंथ आहेत. २००८ साली जपानच्या एका मोठ्या कंपनीने संगणकाच्या जाळ्याची दीड मीटर वायर ४९९ डॉलरना काढली आणि तिच्यावर दिशेच्या खुणाही केल्या. जाळ्याच्या वायरीतून माहिती दोन्ही बाजूंनी धावते. एकेरी वाहतुकीची पाटी, रस्ता दुहेरी. जगभर हसू झालं.

पण बाण नेहमीच विनोदी नसतो. दोन गाभे आणि वर जाळी अशी शिल्ड वायर घेतली, तर एका गाभ्यातून गाणं, दुसऱ्यातून परतीची वाट, आणि जाळी फक्त एकाच टोकाला, सहसा सीडी प्लेअरकडे, जोडतात. मग कुठलं टोक कुठे हे लक्षात राहायला बाण लागतो. मी मार्करने काढला. फुकट.

*

रविवारी सुवर्णकर्ण आला. येताना स्वतःची वायर घेऊन आला. तिची पेटी मखमली, आत अंगठीसारखी ठेवलेली वायर. नाना स्वतःहून म्हणाले, ‘‘मी बदलतो, तुम्ही ऐका. ट्रंक लाइनवर जन्म गेला माझा.’’ ते ॲम्प्लिफायरमागे स्टुलावर बसले. प्रत्येक वेळी ॲम्प्लिफायर बंद करून पिना बदलत होते, ते सांगावं लागलं नाही.

पहिली वायर लागली. दुसरी लागली. सुवर्णकर्ण खुर्चीतून उठलाच. ‘‘हे बघ! केवढा फरक! मंच उलगडला. तबला कुठल्या कुठे गेला!’’

तबला खरोखरच कुठल्या कुठे गेला होता. डावीकडचा उजवीकडे. मी माझ्या वायरीला रंगीत कडी लावताना एका टोकाला लाल-पांढऱ्याची अदलाबदल केली होती. लाल उजवा, पांढरा डावा, एवढं साधं. पण नानांच्या गप्पांत राहून गेलं.

न्यायाने बोलायचं तर कान सुवर्णकर्णाचेच खरे ठरले. मी आदल्या दिवसापासून तीच वायर लावून ऐकत होतो आणि मला काहीही कळलं नव्हतं. जिथे खरोखर काही चुकलेलं असतं तिथे माणसाचा कान ते बरोबर पकडतो. त्याने चूक पकडली आणि तिला उंची म्हटलं, एवढाच काय तो दोष.

कडी बदलली. नानांनी पुन्हा वायरी बदलायला घेतल्या. त्यानंतर सुवर्णकर्णाने तीन वेळा विचारलं, ‘‘आता कुठली लागली आहे?’’ नाना म्हणाले, ‘‘लाइन चालू आहे, बोला.’’

*

तेव्हा निकाल असा. पिनेचं इमान एवढंच: जाईल तिथे घट्ट बसावं, गंजू नये, वायर सोडू नये आणि स्वतःचा आवाज काढू नये. हे काम शे-दोनशे रुपयांची पिन करते, वीस रुपयांची करेलच असं नाही आणि हजाराची त्याहून जास्त काही करत नाही. वीस आणि दोनशे यांच्यातला फरक चुंबकाला कळतो. दोनशे आणि हजार यांच्यातला फरक फक्त पाकिटाला.

वाचलेल्या पैशात काय करावं? सीडी घ्यावी. मैफलीचं तिकीट काढावं. आणि पन्नाशी उलटली असेल तर एकदा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन यावं. वाढत्या वयात वरच्या पट्टीचे सूर हळूहळू ऐकू येईनासे होतात, त्यावर कुठलीच पिन चालत नाही. कानात मळ साठला असेल तर तो मात्र दहा मिनिटांत निघतो. सोनाराने कान टोचावेत हे खरं, पण आधी कान साफ असलेले बरे.

आज रविवार असेल तर वाचून लगेच निघू नका; लॅमिंग्टन रोडवरची बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात. उद्या जा. चुंबक विसरू नका.